साटीनचा इतिहास

१९ फेब्रुवारीला सकाळी महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मुख्य चौकात जाऊन उभे राहा. पाच ते बारा वर्षं वयाचे शिवराय, जिजाऊ आणि मावळे ओळीने चाललेले दिसतील. सगळ्यांच्या अंगावर एकच कापड: चकचकीत, निसरडं, मरून नाहीतर भगव्या रंगाचं साटीन. काठाला सोनेरी प्लॅस्टिकची लेस, छातीवर डिंकाने चिकटवलेली मोत्यांची माळ, पाठीला वेल्क्रो. दाढी इलॅस्टिकने कानांना अडकवलेली. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तोवर ऊन चटके द्यायला लागलेलं असतं. पोरगं घामाने चिंब होऊन मान खाजवतंय आणि समोर मोबाइल धरून आई म्हणतेय, ‘हास ना रे.’ दुपारी तो पोशाख पिशवीत कोंबून दुकानात परत जातो. भाडं ३०० रुपये, डिपॉझिट ५००. पुढे तोच अंगरखा शाळेच्या गॅदरिंगमध्ये बाजीराव होतो, आणि तान्ह्या पोळ्याला कृष्णाचा पितांबरही त्याच ठाणातून निघतो. (विदर्भाबाहेरच्यांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलं वेष करून लाकडी बैल मिरवतात. त्याच्या स्पर्धा होतात, बक्षिसं असतात, आणि भाड्याच्या पोशाखांची दुकानं त्या आठवड्यात ओसंडून वाहतात.)

माझा या साटीनवर राग आहे. पोरांवर नाही, आयांवर नाही, दुकानदारावर तर मुळीच नाही. तो मागणी तसा पुरवठा करतो. राग आहे तो एका समजुतीवर, की इतिहास आपण अंगावर चढवायचा आणि शिवायचा मात्र कुणीतरी दुसऱ्याने. महाराजांच्या नावाने रात्री दोन वाजेपर्यंत भांडणाऱ्या किती जणांना त्या काळचा अंगरखा कसा कापायचे हे माहीत आहे? किंवा सोपं विचारतो: त्यातल्या किती जणांना शर्टाचं तुटलेलं बटण लावता येतं?

आणि लगेच सांगतो, ‘वेळ नाही’ हे उत्तर मला चालणार नाही. वेळ असतो. सुई न धरण्याचं कारण जुनं आहे, आणि ते घड्याळात सापडत नाही.

मी घाटंजीचा. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, पुण्याच्या कंपनीत लागलो, लॉकडाउनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो आणि नोकरी रिमोट झाली तशी बरंचसं वर्ष इथेच काढतो. घरात आईचं पायमशीन होतं. त्यावर मी आजवर एक बाराबंदी, दोन अंगरखे, एक कळीदार जामा आणि ‘चांदोबा’तल्या विक्रमादित्याचा पूर्ण वेष शिवलाय, पाठीवरच्या वेताळासकट. वेताळाच्या पोटात आमच्याच शेतातल्या कापसाची रुई आहे. तो वेष घालून मुंबईच्या कॉमिक कॉनला गेलो तेव्हा एका निन्जाने विचारलं, ‘ब्रो, हे कुठलं ॲनिमे?’ मी त्याला के. सी. शिवशंकरन यांच्याबद्दल सांगितलं, जे ‘शंकर’ अशी सही करून कित्येक वर्षं विक्रम-वेताळ काढत राहिले. त्याने ऐकून घेतलं. मग वेताळाच्या शेपटीची शिवण नीट बघितली आणि स्वतःच्या बाहीचं अस्तर उलटून दाखवलं. त्यानेही घरीच शिवलं होतं. पुढचा अर्धा तास आम्ही सुया कुठून आणतो यावर बोललो. ओळखपाळख न लागता होणाऱ्या अशा गप्पा मला ऑफिसात क्वचितच मिळतात.

आता बाराबंदीबद्दल जरा सविस्तर, कारण माझा सगळा वाद तिथून सुरू होतो.

आजचा शर्ट कापताना शरीराचे आकार कागदावर काढतात, ते कापडावर मांडून कापतात, आणि मधलं कापड चिंध्यांत जातं. जुन्या अंगरख्याच्या, बाराबंदीच्या कापणीत आकार ठरवतो तो माग. हातमागाचा पन्हा जेवढा, त्यावर पाठीचा तुकडा बसवायचा. कापड खांद्यावरून दुमडून पुढे आणायचं, म्हणजे खांद्याला शिवणच येत नाही. बाही म्हणजे सरळ आयत. खाली घेर हवा असेल तर कळ्या: एक आयत तिरपा कापला की दोन कळ्या मिळतात, त्यातली एक उलटी फिरवायची, दोघींची रुंद बाजू खाली. काही वाया गेलं नाही. काखेत एक छोटा चौकोन कोपऱ्यावर उभा करून बसवायचा. हा चौकोन नसेल तर हात वर केला की सगळा अंगरखा छातीवर चढतो. असेल तर कापड जागच्या जागी राहतं आणि हात खांद्यापासून मोकळा फिरतो. ज्याला दिवसभर घोड्यावर बसायचं आहे किंवा पट्टा फिरवायचा आहे, त्याच्यासाठी तळहाताएवढा हा तुकडा फार मोलाचा. भाड्याच्या साटीनमध्ये तो कधीच नसतो. म्हणूनच स्टेजवरचा छोटा मावळा तलवार उपसतो आणि त्याची बनियन दिसते.

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत ‘ऑप्टिमायझेशन’ हा शब्द मी परीक्षेत शेकडो वेळा लिहिला असेल. तो डोळ्यांनी बघितला तो ३६ इंच पन्ह्याच्या तीन मीटर खादीवर. आधी ग्राफ पेपरवर मांडलं, मग हौस म्हणून छोटा प्रोग्रॅम लिहिला की यापेक्षा कमी कापडात बसतं का. बसत नव्हतं. काठाच्या ज्या पट्ट्या उरल्या त्यांचे बंद झाले.

बंद हीसुद्धा डोकेबाज गोष्ट आहे. बारा बंद म्हणून बाराबंदी. दोन-दोन मिळून माझ्या सहा गाठी होतात. गाठीच्या कपड्याला साइझ नसते. माणूस जाड झाला, आजारपणात वाळला, बापाचा कपडा लेकाने घातला, तर गाठ जरा अलीकडे-पलीकडे. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आपले शिंपी ‘माया’ म्हणतात. लहान मुलाच्या कपड्यात माया जास्त सोडायची, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून मोठा करता येतो. हा शब्द मी आईकडून लहानपणापासून ऐकत होतो. अर्थ कळला तो स्वतः खडूने रेघ मारताना.

ज्यांना वाटतं की हे सगळं म्युझियमचं प्रकरण आहे, त्यांनी मकरसंक्रांतीला सोलापूरला जावं. सिद्धेश्वरांच्या यात्रेत आजही माणसं पांढरीशुभ्र बाराबंदी घालून सात नंदीध्वजांबरोबर चालतात. मी बघायला गेलो तेव्हा तिथे कुणी त्या कपड्याला ‘ऐतिहासिक’ म्हणत नव्हतं. यात्रेचा कपडा, एवढंच. घामाने भिजतो, धुतात, घडी करून ठेवतात, पुढच्या जानेवारीत परत काढतात. मी एका काकांना बंद कसे लावलेत ते बघू का म्हणून विचारलं, तर त्यांनी गर्दीत उभ्या उभ्या पदर उघडून आतली गाठ दाखवली.

आतली गाठ. तीही कुठल्या बाजूला? मुघल काळात जामा कुठे बांधलाय यावरून माणूस ओळखू यायचा: मुसलमान उजव्या काखेपाशी बांधत, हिंदू डाव्या. कापणी तीच, कळ्या त्याच, घेर तोच. कपड्यावरून धर्म ओळखायची आज ज्यांना फार घाई असते, त्यांनी हा जामा एकदा शिवून बघावा. फरक नेमका किती होता ते मोजपट्टीने मोजता येतं.

आणि साटीनबद्दल एक तांत्रिक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर वस्त्रोद्योगातलं कुणीतरी मला धरेल. साटीन ही विणण्याची पद्धत आहे, धागा नाही. रेशमाचंही साटीन असतं. दख्खनमध्ये औरंगाबादेला मशरू विणत, त्याची वीणही साटीनचीच: वरून रेशमाची चमक, आतून अंगाला लागतो तो सूत. पुरुषांनी रेशीम थेट अंगाला लावू नये या इस्लामी संकेतातून निघालेली ही तोड, आणि ती या हवेत सगळ्यांनाच मानवली. म्हणजे आपल्याकडे चमकणारं कापड होतं, फक्त ते घालणाऱ्याच्या कातडीचा विचार करून विणलेलं होतं. पोरांच्या अंगावरचं पॉलिएस्टर त्यातली चमक तेवढी उचलतं. हे मला नकली इतिहासाचं फार नेमकं वर्णन वाटतं, पण असो.

आता आक्षेपांकडे.

गेल्या दिवाळीनंतर घरी पाहुणे येणार होते. कसले पाहुणे ते तुम्हाला कळलं असेल. मोठी आई सकाळीच आली आणि बैठकीत पाऊल टाकताच म्हणाली, ‘काहून रे, पाहुणे यायचे हायेत अन् हे मशीन इथं कायले ठेवलं? आत ने ना बापा.’ मी म्हटलं, खिडकीपाशी उजेड इथेच येतो. बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता तोडगा दिला: ‘राहू दे. विचारलंच तं आईचं आहे म्हन.’ खोटं नव्हतं ते, मशीन आईचंच आहे. पाहुण्यांनी विचारलं. मी म्हणालो, मी शिवतो. मुलीचे काका हसले, माझ्या पगाराचा आकडा त्यांनी आधीच ऐकलेला असल्यामुळे जरा बेतानेच हसले. चार दिवसांनी निरोप आला की मुलीला अजून पुढे शिकायचंय. कारण मशीनच होतं असा माझा दावा नाही. पण त्या सकाळी आमच्या घरातल्या तीन समंजस, प्रेमळ माणसांना एक लोखंडी वस्तू लपवावीशी वाटली, आणि ती दारूची बाटली नव्हती.

लपवायचं काय होतं? बायकी काम, असं एक जण म्हणतो. शिंप्याचं काम, असं दुसरा. नीट बघा, हे दोन टोमणे एकमेकांना छेद देतात. बाजारात पैसे घेऊन शिवणारा बहुतेक पुरुष असतो, आणि त्याला आपण ‘मास्तर’ म्हणतो. घरात फुकट शिवणारी बाई असते आणि तिला कुणी मास्तर म्हणत नाही. म्हणजे काम एकच. पैसे मिळाले तर ते एका जातीचं, नाही मिळाले तर बायकांचं. शिकलेल्या, पगारदार पुरुषाने ते नुसत्या आवडीने केलं तर ठेवायला खणच नाही, म्हणून त्याला आत न्यायचं. नामदेव शिंपी होते हे आपण कौतुकाने सांगतो, पंढरपूरला त्यांच्या पायरीवर पाय पडू नये म्हणून जपतो, आणि घरातल्या पोराने कात्री उचलली की ‘शिंप्याच्या घरी जन्मला का’ म्हणून विचारतो. हा प्रश्न माझा अपमान करायला विचारला जातो. अपमान होतो तो भलत्याच माणसांचा.

बायकी म्हणणाऱ्यांना मी बालगंधर्वांची आठवण करून देतो. ‘मानापमान’मधली भामिनी, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी हा पुरुष साकारायचा, आणि त्याच्या शालूंची, दागिन्यांची, पदर घ्यायच्या पद्धतीची नक्कल मराठी घरांतल्या बायका करायच्या. मराठी बाईची फॅशन एका पुरुषाने ठरवली तेव्हा कुणाचं पौरुष बुडालं नाही. आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात ज्यांनी सेवाग्राम वसवलं त्या गांधीजींनी यंत्रांवर एवढी टीका केली, पण १९२४च्या एका मुलाखतीत शिवणयंत्राला मात्र सूट दिली. सिंगरने बायकोचे कष्ट बघवेनात म्हणून ते बनवलं, असं त्यांचं म्हणणं. (खरा आयझॅक सिंगर एकनिष्ठ नवरा वगैरे मुळीच नव्हता. त्याचे संसार अनेक आणि मुलं दोन डझनाच्या घरात. पण गांधीजींचा मुद्दा यंत्राबद्दल होता, सोडून देऊ.) स्वतः गांधीजी दक्षिण आफ्रिकेच्या तुरुंगात शिवणयंत्रावर बसले होते.

त्याच गांधीजींवरच्या सिनेमाने भारताला पहिलं ऑस्कर मिळवून दिलं, आणि ते कपड्यांसाठी मिळालं. १९८३ साली, कोल्हापूरच्या भानू अथैया यांना. जे.जे.मध्ये चित्रकला शिकलेली बाई. शाळेत जनरल नॉलेजमध्ये हे नाव आपण पाठ केलं. पण ते ऑस्कर त्यांनी ज्यांच्याबरोबर वाटून घेतलं त्या जॉन मोलो यांच्याबद्दल सहसा कुणी सांगत नाही. मोलो हे मुळात लष्करी गणवेशांच्या इतिहासाचे अभ्यासक. त्यांचं पहिलं ऑस्कर होतं ‘स्टार वॉर्स’साठी. म्हणजे अंतराळातल्या कल्पित सैनिकांना ज्याने कपडे दिले, तो माणूस आयुष्यभर खऱ्या सैनिकांच्या कॉलर, काज आणि पट्टे मोजत आलेला होता. ‘ऐतिहासिक’ आणि ‘फँटसी’ असे दोन कप्पे करून त्यातल्या एकाला गंभीर आणि दुसऱ्याला पोरखेळ म्हणणाऱ्यांनी यावर विचार करावा. माझा विक्रमादित्य उभा राहतो तो आतल्या अंगरख्याची कापणी खरी आहे म्हणून.

शिवणाऱ्या हाताचं नाव पुसायची सवय मात्र आपल्यापुरती नाही. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. फॉरेस्ट ॲकरमन हा तरुण भविष्यकाळातला माणूस बनून तिथे गेला. आज कॉस्प्ले म्हणतो त्याची सुरुवात तिथून मोजतात आणि ॲकरमनला त्याचा जनक म्हणतात. त्याच्याबरोबर मर्टल डग्लस होती, तीही तसाच वेष घालून. दोन्ही वेष शिवले होते मर्टलने. जनकाची व्याख्या काय असते, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

दुसरा आक्षेप माझ्या वयाच्या मित्रांचा असतो, आणि तो कौतुकाच्या वेषात येतो. ‘भाई, भारी आहे. पेज काढ ना. ऑर्डर घे. शिवजयंतीला तर छापशील.’ म्हणजे शिवणकामाची लाज संपवण्याचा त्यांच्याकडे एकच मार्ग आहे: त्याला स्टार्टअप म्हणायचं. पैसे आले की बाबाही मशीन लपवणार नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणूनच मी ऑर्डर घेत नाही. ज्या दिवशी मी पन्नास मावळे शिवायला घेईन त्या दिवशी काखेतला चौकोन पहिला जाईल, कारण तो बसवायला एका बाजूला वीस मिनिटं लागतात आणि गिऱ्हाइकाला तो दिसत नाही. मग खादी जाईल. मग मी साटीनचं ठाण आणीन. भाड्याच्या दुकानातल्या माणसाचं असंच झालं असणार. त्याला काही पोरांच्या घामाशी वैर नाही.

तिसरे येतात राखणदार. अंगरख्याचा फोटो टाकला की यांचा प्रश्न तयार असतो: याला पुरावा काय? प्रश्न रास्त आहे, मला आवडतो. गंमत अशी की तो साटीनवाल्याला कुणी विचारत नाही, मालिकेतल्या सोनेरी चिलखताला विचारत नाही, फक्त घरी शिवणाऱ्याला विचारतात. तर पुराव्याचं बोलू. एकेकाळी इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जायचं; वा. सी. बेंद्रे यांनी खरं चित्र शोधून काढून ती गफलत दूर केली. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये विट्सेन यांच्या संग्रहात गोवळकोंड्याच्या चित्रकारांनी काढलेलं महाराजांचं चित्र आहे, ते घरबसल्या मोबाइलवर मोठं करून बघता येतं. मी तासन्‌तास बघितलंय. भाड्याच्या दुकानातलं बाहुलं त्यातून निघत नाही.

आणि देवादिकांच्या पोशाखाचं म्हणाल तर आपल्या डोळ्यांपुढची लक्ष्मी-सरस्वती ही राजा रविवर्म्याची. त्रावणकोरच्या या चित्रकाराने पुराणातल्या बायकांना नऊवारी नेसवली, १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, आणि तो एका माणसाच्या कल्पनेतला पोशाख घराघरातल्या भिंतीवर गेला. फँटसी कॉस्च्युमचं याहून यशस्वी उदाहरण मला जगात माहीत नाही. तेव्हा ‘परंपरा’ म्हणून माझ्या अंगावर धावून येण्याआधी ती परंपरा कुणी, कधी कापली ते बघत जा.

शिवलेल्या नऊवारीबद्दल मला काय वाटतं हे लोक मुद्दाम विचारतात, मी तिलाही झोडपीन या आशेने. नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, एकही टाका न घालता अंगावर उभं करणं ही थोर विद्या आहे, आणि तिला चेन लावून पायजम्यासारखी चढवायची हे ऐकायला विचित्र वाटतं खरं. पण ती शिवते कोण? गल्लीतली ताई, मापं घेऊन, आपल्या डोक्याने काढलेल्या कटिंगने. पाडव्याच्या शोभायात्रेत ती घालून पोरी बुलेट चालवतात आणि काष्टा सुटत नाही. कुठल्याशा ताईने अडचण बघून कापणी बदलली, हेच तर कपड्यांच्या इतिहासात होत आलंय. मी तिच्या बाजूने आहे.

माझ्या विरोधात खरोखर वजनदार मुद्दा एकाच माणसाने मांडला. आमच्या गावातले टेलर मास्तर, वय साठीच्या पुढे. मी सुरुवातीला कळ्यांची शंका घेऊन गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, ‘बाबू, तुम्हाले छंद आहे. आम्हाले पोट आहे.’ त्यांचा मुलगा पॉलिटेक्निकला आहे आणि त्याने मशीनला हात लावू नये याची काळजी ते स्वतः घेतात. ज्या कामातून बाहेर पडायला त्यांच्या घराला तीन पिढ्या लागल्या, त्यात मी शनिवार-रविवार हौसेने शिरतो. मी कधीही उठून लॅपटॉपपाशी जाऊ शकतो, ते जाऊ शकत नाहीत. याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. अस्तराच्या ब्लाउजला तीनशे रुपये म्हटल्यावर ‘एवढे?’ म्हणणारी माणसं मी रोज बघतो, आणि ते म्हणणारे सगळे न शिवणारे असतात. गळ्याला उरेबपट्टी सुरकुती न पडता लावायला काय लागतं हे एकदा बोटांना कळलं की तोंडातून ‘एवढे?’ निघत नाही. यातून मास्तरांचं पोट भरत नाही, हे मला मान्य आहे. पण ज्या समाजात शिवणं हे फक्त नाइलाजाने करायचं काम आहे, तिथे त्याचा दर कायम नाइलाजाचाच राहणार. डॉक्टरच्या, तहसीलदाराच्या, इंजिनिअरच्या घरात मशीन बैठकीत आलं तर कदाचित मास्तरांच्या पोराला बापाच्या धंद्याची लाज वाटणार नाही. मास्तरांना हे पटलेलं नाही. त्यांनी मला कळ्या समजावून दिल्या, पैसे घेतले नाहीत, आणि मत बदललं नाही.

हे सगळं घाटंजीत बसून बोलण्यात आणखी एक दुखरी गोष्ट आहे. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात दोनच शब्दांबरोबर येतं: कापूस आणि आत्महत्या. दिवाळीनंतर जिनिंगच्या रस्त्याला कापसाच्या गाड्या लागतात. साधारण पाच क्विंटल कापसातून सरकी काढली की १७० किलो रुईची एक गाठ होते. माझ्या बाराबंदीला लागतं जेमतेम चारशे ग्रॅम कापड; सूतकताईत जाणारं धरलं तरी एका गाठीत तीनशेहून जास्त बाराबंद्या बसाव्यात. आमच्या घाटंजीतल्या सगळ्या शाळांच्या गॅदरिंगला पुरून उरतील. पण गाठी जातात बाहेर, आणि फेब्रुवारीत ट्रान्सपोर्टच्या गाडीतून येतं ते सुरतेचं पॉलिएस्टर. कापूस पिकवणाऱ्याचं पोर ते भाड्याने घालून महाराजांच्या नावाचा जयजयकार करतं. त्या महाराजांच्या शेतकऱ्याविषयीच्या कळवळ्यावर नंतर स्टेजवरून वीस मिनिटांचं भाषण होतं. अध्यक्षांचा फेटाही पॉलिएस्टरचाच असतो.

मागणी छोटी आहे. शाळांनी, मंडळांनी, तान्ह्या पोळ्याच्या आयोजकांनी वेशभूषा स्पर्धेच्या कागदावर एक ओळ वाढवावी: भाड्याचा पोशाख बक्षिसाला धरला जाणार नाही. घरच्या जुन्या धोतराचा, साडीचा, चादरीचा चालेल. वेडावाकडा चालेल. पोराने स्वतः एक तरी टाका घातलेला असावा, आणि परीक्षकांनी तो कुठला ते त्याला विचारावं. गेल्या वर्षी मी एका ठिकाणी हे सुचवलं तर संयोजक म्हणाले, मग स्पर्धेत भागच कोण घेईल? या वर्षी आमच्या गल्लीतली चार पोरं माझ्याकडे येतात. त्यातल्या दोघांना धावदोरा जमायला लागलाय. एकीने बॉबिन भरणं माझ्यापेक्षा वेगात शिकून घेतलं आहे आणि ती आता मला मशीनला हात लावू देत नाही. बाबा बाजूला बसून पेपर वाचतात. परवा त्यांनी सुईत दोरा ओवून दिला, चष्मा नसताना, आणि काही बोलले नाहीत.

तुम्हाला करून बघायचं असेल तर बाराबंदीपासून सुरू करा. ती सोपी आहे, सगळ्या रेषा सरळ. कापड धुऊन, आकसवून मगच कापा. बंद शिवताना नळीच्या आत आधीच जाड दोरा धरा, एका टोकाला टाक्याने अडकवा, मग दोरा ओढला की नळी सुलटी होते. ही युक्ती मास्तरांची. आणि खादी घेताना दुकानात पन्हा विचारा. ३६ सांगतील, पण दुकानातच टेप लावून मोजा, एखादा इंच कमी भरतो आणि कळ्यांचं सगळं गणित त्या इंचावर बसलेलं असतं.